लेव्हिऑन बेलने माझी टीम बुडवली तरी

२०१८ साली मी पिट्सबर्गला होतो आणि ऑफिसातल्या लोकांनी मला ओढून त्यांच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमधे घेतलं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू पाळीपाळीने निवडून आपापली कागदी टीम करायची, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण निवडायला माझा दुसराच नंबर आला आणि सगळे म्हणाले डोळे झाकून बेल घे, पिट्सबर्गच्या स्टीलर्स टीमचा रनिंग बॅक आहे, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, मग मी घेतला. तो अख्खा सीझन मैदानात आलाच नाही.

आज येईल, उद्या येईल करत मी त्याला टीममधे ठेवून घेतला. १३ नोव्हेंबर ही शेवटची तारीख होती, त्यानंतर आला असता तरी त्या वर्षी खेळता आलं नसतं. तीही गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच टीमवाल्यांनी त्याचा लॉकर उघडून बूट वगैरे वाटून घेतले, त्याचे व्हिडिओ आम्ही लंचला बघत होतो. ऑफिसात सगळे त्याला शिव्या घालत होते, मीही घातल्या. मांडवात रुसून बसलेला नवरदेव नुसता!

मग एका रात्री सहज वाचायला बसलो. एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, तिच्यात क्लब दरवर्षी नवीन पोरं पाळीपाळीने निवडतात. बेल २०१३ ला दुसऱ्या राउंडमधे आलेला, पहिलं कॉन्ट्रॅक्ट ४ वर्षांचं, आणि नवीन पोरांचे पगार लीगच्या नियमाने आधीच बांधलेले. म्हणजे पाय ताजे असतात तेव्हा स्वस्तात खेळायचं. ते संपलं की मोकळा व्हायला हवा ना? तर क्लबकडे फ्रँचाइज टॅग असतो, तो लावला की अजून एक वर्ष ठरलेल्या पगारावर तिथेच. बेलला २०१७ ला लावला, १ कोटी २१ लाख डॉलर. त्या वर्षी बॉल हातात घेऊन तो ४०६ वेळा धडकला, ३२१ वेळा पळत आणि ८५ कॅच, आणि प्रत्येक वेळी अंगावर शंभर-सव्वाशे किलोची माणसं. वर २०१८ ला परत टॅग, १ कोटी ४५ लाख.

आता आपल्याला वाटतं एवढे पैसे सोडतं का कोणी, दर आठवड्याला साडेआठ लाख डॉलर! पण ते एकाच वर्षाचे, गुडघा गेला की पुढच्या वर्षी कोण विचारतो. त्याला हवे होते गॅरंटीचे पैसे, खेळो न खेळो मिळणारे. एनएफएलमधे कॉन्ट्रॅक्टचा मोठा आकडा पेपरात छापायला असतो, खरा आकडा गॅरंटीचा. आणि टॅगवर सहीच केली नव्हती म्हणजे कॉन्ट्रॅक्टच नव्हतं, त्यामुळे दंडही नाही, फक्त पगार नाही.

१९९३ मधे डॅलसचा रनिंग बॅक एमिट स्मिथ असाच अडून बसला होता, पण टीम पहिल्या दोन्ही मॅच हरली आणि मालक जेरी जोन्सने मुकाट्याने ४ वर्षांचे १ कोटी ३६ लाख दिले. त्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. बेलचं नशीब असं की त्याच्या जागी जेम्स कॉनर आला, कॉलेजात असताना कॅन्सरमधून उठलेला, पिट्सबर्गमधेच शिकलेला, गावाचा लाडका. पहिल्याच मॅचला १३५ यार्ड पळाला. मग कोण कशाला बेलची मनधरणी करेल?

२०१९ ला न्यूयॉर्कच्या जेट्स टीमने बेलला ४ वर्षांचे सव्वापाच कोटी कबूल केले, त्यात साडेतीन कोटींची गॅरंटी. तिथे मात्र पूर्वीचा बेल कधी दिसलाच नाही आणि २०२० च्या ऑक्टोबरमधे त्यांनी काढून टाकला. लोक म्हणतात गणित चुकलं, मला अजून तसं वाटत नाही.

कॉनरला आमच्या लीगमधे शेजारच्या टेबलावरच्याने शेवटच्या राउंडला उचललं होतं. मी दहावा आलो. टीम दहाच होत्या.