म्हाताऱ्या मिलियाची राकिया आणि वुकची वही

सर्बियाच्या इतिहासाचा विषय निघाला की इथली माणसं थेट १३८९ मध्ये जातात. कोसोवोचं मैदान, राजा लाझार, तुर्कांशी झालेली लढाई. बेलग्रेडला राहायला आल्यापासून हे मी टॅक्सीवाल्यापासून घरमालकीणबाईंपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. मला मात्र लढाईपेक्षा तिची गाणी कागदावर कशी उतरली याचंच जास्त अप्रूप आहे. ते काम ज्याने केलं तो कुबडी घेऊन चालायचा आणि त्याची पैशांची कायम ओढाताण असायची.

वुक स्तेफानोविच काराजिच. जन्म १७८७, लोझ्नित्साजवळच्या त्र्शिच गावात. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून पोराचं नाव ठेवलं वुक (लांडगा), म्हणजे चेटकिणी त्याच्या वाटेला जाणार नाहीत. आपल्याकडे अशाच पोरांना धोंडू, दगडू म्हणायचे, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बंदुकीची दारू पाण्यात कालवून शाई करायची आणि काडतुसाच्या कागदावर गिरवायचं, अशी त्याची शाळा. तुर्कांविरुद्धच्या १८०४ च्या उठावात त्याने कारकुनी केली, १८१३ मध्ये उठाव मोडला तसा तो व्हिएन्नाला गेला. तिथे त्याला येर्नेय कोपितार हा स्लोव्हेन पंडित भेटला. नोकरी सरकारी सेन्सॉरची, पण वुकच्या मागे लागून त्याला लिहितं केलं ते यानेच. १८१४ मध्ये गाण्यांचं पहिलं छोटं पुस्तक आलं, १८१८ मध्ये शब्दकोश: सव्वीस हजारांवर शब्द, जर्मन आणि लॅटिन अर्थांसह, शिव्याही न गाळता.

पण मी वुकच्या प्रेमात पडले ती त्याच्या गाण्यांच्या १८३३ च्या खंडाच्या प्रस्तावनेमुळे. कोणतं गाणं कुणाकडून घेतलं, हे त्यात तो सांगत बसतो. त्यातला म्हातारा मिलिया वाचाच.

मिलियाला चांगली गाणी येतात असं कळल्यावर वुकने सर्बियाचे तेव्हाचे राजे मिलोश ओब्रेनोविच यांच्याकरवी त्याला क्रागुयेवात्सला बोलावून घेतलं. साल १८२२. म्हातारा आला, पण त्याला गाणं नुसतं सांगता येईना, फक्त गाता यायचं. आणि राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, घोट घेतल्याशिवाय तो गायला बसेना. घोट घेतला की वयामुळे आणि डोक्यावरच्या जखमांमुळे (कोलाशिनच्या तुर्कांशी झालेल्या मारामारीत डोकं सगळं चिरलेलं) ओळी मागेपुढे व्हायच्या. मग वुकने काय करावं? एकेक गाणं पुन्हा पुन्हा गायला लावायचं, कुठे काय सुटलं ते आपल्या ध्यानात येईपर्यंत. मग शब्द लांबवत सावकाश गायला सांगायचं आणि आपण भराभर लिहायचं. लिहून झालं की पडताळायला पुन्हा एकदा गाऊन घ्यायचं. चार गाण्यांना पंधरा दिवसांहून जास्त लागले. तेवढ्यात कुणा टवाळाने म्हाताऱ्याच्या कानात भरवलं की हा वुक रिकामटेकडा आहे, याच्या नादी लागशील तर तुझी सुगी बुडेल. मिलिया न सांगताच निघून गेला. पुढच्या वर्षी चौकशी केली तर कळलं, म्हातारा वारला.

त्या चारांतलं एक म्हणजे बानोविच स्त्राहिन्याचं गाणं. बायको पळवून नेणाऱ्या तुर्काशी नायक झुंजतो, बायको ऐन वेळी तुर्काच्याच बाजूने वार करते, तिचा बाप आणि नऊ भाऊ तिला मारायला उठतात, आणि हा गडी तिला माफ करतो. अख्ख्या वीरगाथांच्या ढिगाऱ्यात असा शेवट! राकियाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

बाकीचे गायकही असेच. तेशान पोद्रुगोविच हा हायदुक, म्हणजे डोंगरात राहून तुर्कांना लुटणारा. तो गायचा नाही, नुसता सांगायचा. फिलिप विश्न्यिच लहानपणी देवीच्या साथीत आंधळा झालेला. १८१५ मध्ये शिशातोवात्सच्या मठात त्याने गुस्ले या वाद्याच्या एका तारेवर, धनुकली फिरवत, गाणी म्हटली. लढाईनंतर जखमींना पाणी पाजत फिरणाऱ्या कोसोवोच्या मुलीचं गाणं एका आंधळ्या बाईचं. तिचं नाव मिळालं नाही, तर निदान गाव तरी लागलं: ग्रगुरेवत्सी. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं यांच्या गटाने जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. हे नावगाव टिपणं मला फार मोलाचं वाटतं. नाहीतर 'लोकांनी रचलं' म्हणून मोकळं व्हायला कितीसा वेळ लागतो?

युरोपात वुकचं कौतुक झालं. याकोब ग्रिमने त्याचं व्याकरण १८२४ मध्ये जर्मनमध्ये आणलं, गटेने त्याला भेटीला वेळ दिला. घरच्या मंडळींची तऱ्हा वेगळी. जसं बोलता तसं लिहा, एका आवाजाला एक अक्षर, एवढंच त्याचं म्हणणं, पण त्याने लॅटिनमधून एक अक्षर उचललं म्हणून चर्चवाल्यांना त्यात कॅथलिकांचा कावा दिसला. १८३२ मध्ये मिलोश राजांनी त्याच्या पद्धतीने पुस्तकं छापायलाच बंदी घातली. वुक १८६४ मध्ये व्हिएन्नात वारला; त्याची लिपी सर्बियात पूर्ण मोकळी झाली ती १८६८ मध्ये. १८९७ मध्ये अस्थी बेलग्रेडला आणून पुरल्या कुठे, तर कॅथेड्रलच्या दारात. समोर जुनी खानावळ आहे, पाटीवर नुसतं प्रश्नचिन्ह. मालकाला चर्चचं नाव द्यायचं होतं, चर्चने हरकत घेतली, मग त्याने '?' लावलं. वुकला शेजार बरा मिळाला.

मात्र त्याचं एक मला पटत नाही. १८४९ मध्ये छापलेल्या एका लेखात त्याने श्तोकावी ('काय'ला 'श्तो' म्हणणारी) बोली बोलणारे झाडून सगळे सर्बच ठरवले, मग ते कॅथलिक असोत की मुसलमान. त्या लेखावरून क्रोएट, बोस्नियाक अशा शेजाऱ्यांशी वाद आजही होतात. घरमालकीणबाई म्हणतात, तेव्हा बोलीवरूनच लोक मोजायचे, काळच तसा होता. असेल. पण आंधळ्या बाईचं गाव शोधून लिहिणाऱ्या माणसाने त्या शेजाऱ्यांनाही एकदा विचारायचं होतं, बाबांनो, तुम्ही स्वतःला काय म्हणवता? यावर बाई कॉफी ओततात आणि पुन्हा १३८९ पासून सुरू करतात.