मटण शेतावरून का आणता? तुम्ही विचारलंत म्हणून

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात आमच्याकडे जेवायला येणारे बहुतेक मराठी पाहुणे एकच प्रश्न विचारतात. इमारतीखालीच दुकान असताना मटण थेट शेतकऱ्याकडून कशाला आणता, आणि तेही एकदम अर्धं कोकरू?

सुरुवात हाडांपासून झाली. दुकानात मांडी मिळते, चाप मिळतात, बऱ्याचदा न्यूझीलंडहून गोठवून आलेले. मान, नळ्या, बरगड्या क्वचितच दिसतात. नळीशिवायच्या रश्शाने माझा जीव भरत नाही. अर्धं कोकरू म्हणजे आठ-नऊ किलो, आणि त्यात सगळंच येतं. शेतकरीणबाईंना पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं की मान टाकू नका, तुकडे करून द्या. तेव्हापासून त्या आठवणीने देतात.

पण आता मी केवळ चवीसाठी घेत नाही. एका जुलैमध्ये त्यांनी मला बेटावर नेलं. तुर्कूच्या समोर समुद्रात हजारो बेटं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढ्या बोटीत घालून त्यातल्या काही बेटांवर सोडतात आणि शरदात परत आणतात. मेंढ्या होत्या त्या बेटावर गवत घोट्याएवढं होतं आणि त्यात इतकी बारीक फुलं की पाऊल कुठे टाकावं कळेना. पलीकडच्या बेटावर चराई कधीच थांबलेली. तिथे किनाऱ्यावर डोक्यापेक्षा उंच बोरू माजलेला आणि आत झाडाझुडपांची गचपण, फूल औषधालाही नाही. मेंढ्या उंच गवत आणि झाडांचे कोवळे धुमारे खाऊन टाकतात, म्हणून बुटक्या फुलांना ऊन मिळतं, आणि फुलांमागे फुलपाखरं, मधमाश्या येतात. ही कुरणं शेकडो वर्षांच्या चराईने घडली आहेत. विसाव्या शतकात शेती यांत्रिक झाली, जनावरं पेरलेल्या गवतावर आली, आणि जुनी कुरणं रानाच्या घशात गेली. आता त्यातली जेमतेम एक टक्का उरली आहेत.

अशा कुरणावर चरलेल्या जनावराच्या मांसाला फिनिशमध्ये 'लुओन्नोनलाइदुनलिहा' म्हणतात. बोटीचा, कुंपणाचा खर्च निघाला तरच पुढच्या वर्षी मेंढ्या बेटावर जाणार. तो खर्च माझ्यासारख्या गिऱ्हाइकांकडूनच निघतो, आणि तो द्यायला मला मनापासून आवडतं.

वर्षभर हिरवंगार गवत खातात असं मात्र समजू नका. हिवाळ्यात मेंढ्या वाड्यात असतात, सुका चारा आणि मुरघासावर, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या गवतावर. उन्हाळ्याच्या शेवटी इथल्या शेतांत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोळे दिसतात ना, तोच हा मुरघास. कोकरू कापणंही शेतावर होत नाही. जनावर कत्तलखान्यात जातं, तिथे सरकारी पशुवैद्य तपासतो, आणि मटण पाकीटबंद होऊन येतं.

एवढं मोठं पार्सल नको असेल तर 'रेको' आहे. थॉमस स्नेलमन या शेतकऱ्याने फ्रान्समधली पद्धत पाहून 2013 साली पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑस्ट्रोबोथनियात हे सुरू केलं. फेसबुकवरच्या गटात शेतकरी माल मांडतात, आपण आधीच मागणी नोंदवायची, आणि ठरलेल्या संध्याकाळी एखाद्या पार्किंगमध्ये जाऊन घ्यायचं. मध्ये दलाल नाही. तासाभरात सगळं आटोपतं. जानेवारीत उणे पंधरामध्ये, गाडीच्या डिकीपाशी, हातमोजे घातलेल्या हातात आपल्या नावाची पिशवी पडते. विकणाऱ्याला जनावराबद्दल काहीही विचारा, तो सांगतो, कारण ते त्यानेच वाढवलेलं असतं.

हो, महाग पडतं. आमच्याकडे मटण आता महिन्यातून दोनदाच होतं, पूर्वी दर रविवारी असायचं. मुलं सुरुवातीला कुरकुरली. मला हे प्रमाण योग्य वाटतं.

तुम्हाला यंदा हवं असेल तर ऑगस्ट संपायच्या आत सांगा. मेंढ्या बेटावरून परतेपर्यंत सगळी कोकरं नोंदवून झालेली असतात. आणि फ्रीझरचे दोन खण रिकामे ठेवा, अर्धं कोकरू एका खणात मावत नाही.