तुम्ही विचारलंत म्हणून: फजिती किती, नशीब किती?

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या धाटणीचा टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र रंगवत आणि डाइस टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) चालवायला घेणारे हमखास विचारतात: नशिबाचे गुण द्यायचे कसे आणि गमतीदार फजिती किती वेळा घडवायची? सारखी घडली तर गोष्ट पुढे सरकत नाही, आणि नाहीच घडली तर अ‍ॅनिमेची मजा जाते.

माझं उत्तर असं: ज्याची फजिती होते त्याच्या पदरात नशीब पडलं पाहिजे. दोन्हींचे नियम सुटे ठेवले की लोक फजिती टाळायला लागतात, नशीब साठवायला लागतात आणि जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) एकट्यालाच विनोद ओढावा लागतो.

बहुतेक ठिकाणी पहिला घरगुती नियम होतो तो असा, की वीस पैलूंच्या डाइसवर १ पडला की फजिती. ऐकायला सोपा आहे, पण हिशेब उलटा बसतो. एका दानात १ पडायची शक्यता ५ टक्के. नवशिका एका फेरीत एकच वार करतो, त्याला तेवढाच धोका. कसलेला तलवारबाज तीन वार करतो, त्याला १४ टक्के. म्हणजे हात जितका बसलेला, तितकी तलवार स्वतःच्याच पायावर पडणार. हा नियम मला मुळीच पटत नाही. अ‍ॅनिमेतला उस्ताद चुकतो तेव्हा त्याचं काम फत्ते होतं, मागचं छप्पर मात्र कोसळतं.

म्हणून लुडोचे साधे सहा पैलूंचे दोन डाइस घ्या. बेरजेत कॅरेक्टरचा, म्हणजे खेळाडूच्या पात्राचा, त्या कामातल्या कौशल्याचा गुण मिळवा. ८ किंवा वर गेलं की जमलं. दोन्ही डाइसवर सारखाच आकडा आला, की फजिती. ३६ पैकी ६ दानं अशी असतात, म्हणजे सहात एक. एका बैठकीत तीस दानं पडली तर सरासरी पाच फजित्या. चार खेळाडूंना तेवढ्या पुरतात. यातली खरी गंमत पुढे आहे. गुण शून्य असेल तर सहा जोड्यांपैकी तीन यशात पडतात, तीन अपयशात. गुण ४ असेल तर पाच यशात आणि अपयशात फक्त दोन एक्क्यांची. फजिती दोघांना सारखीच, पण उस्तादाची बहुतेक वेळा काम झाल्यावर होते. कोणताही जादा तक्ता न लावता हे आपोआप घडतं.

जोडी पडली तरी दानाचा निकाल बदलायचा नाही, हे पक्कं ठेवा. जमलं ते जमलंच. फजितीनं अब्रू जावी, वेळ जावा, हातातली वस्तू किंवा उभी राहायची जागा जावी. जीव जाऊ नये, जखम होऊ नये, आणि दुसऱ्या खेळाडूची वस्तू त्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

काय घडलं ते ज्याचं दान त्यानंच एका वाक्यात सांगायचं. सुचलं नाही तर एक डाइस टाकायचा: १ वेश, २ हातातली वस्तू, ३ जागा, ४ बोलणं, ५ नको तो साक्षीदार, ६ जनावर किंवा लहान पोर. खान्देशात गोष्ट बसवली असेल तर तपशील शोधायला लांब जावं लागत नाही. भुसावळ जंक्शनवर पाठलाग चाललाय आणि ३ पडला: हिरोनं उडी बरोबर मारली, पण शेजारच्या फलाटावरच्या, उलट्या दिशेला निघालेल्या गाडीत. यंत्रमानव रावेरकडच्या केळीच्या बागेत सुखरूप उतरला आणि ५ पडला: बागेचा मालक ठिबकच्या नळ्या तपासत तिथंच उभा. सारंगखेड्याच्या यात्रेत ६ पडला तर घोडा आहेच. अशा जागी जीएमनं लांब वर्णन करू नये. धाडकन पडणं, कपाळावर घामाचा भलामोठा थेंब, एवढं पुरे. विनोद दोन वाक्यांत उरकला नाही तर पुढच्या खेळाडूची पाळी थंड होते.

नशिबाचे गुण चिंचोक्यांनी मोजा: ज्याची फजिती झाली त्या खेळाडूला एक चिंचोका. सुरुवातीला प्रत्येकाला दोन द्या, पाचाच्या वर कुणाकडे नकोत. एक चिंचोका देऊन दान पुन्हा टाकता येतं, पण एका दानाला एकदाच, आणि दुसरं पडेल ते मान्य करायचं. ही मर्यादा का, ते आकड्यांत दिसतं: गुण नसलेल्याला ८ गाठायची शक्यता ४२ टक्के, एकदा पुन्हा टाकू दिलं की ६६, दोनदा दिलं की ८०. ऐंशीला पोचलं की डाइस टाकण्यात अर्थ उरत नाही. दोन चिंचोक्यांत छोटासा योगायोग विकत घेता येतो: एसटी नेमकी येऊन थांबते, किल्ली आधीच खिशात असते. शत्रूला मारणारा योगायोग मात्र विकायचा नाही.

उरलेले चिंचोके बैठक संपली की परत डब्यात. पुढच्या वेळेला नेऊ दिले तर सगळे शेवटच्या लढाईसाठी दाबून ठेवतात आणि ती लढाई पहिल्या फेरीतच आटोपते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते खेळणाऱ्या घरांत हे पटकन समजतं. डाव मोडला की हिशेब तिथंच मिटवायचा.

‘अति झालं’ हा नियमही लोक विचारतात. १९८७ च्या ‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ या खेळात तो आहे: गरजेपेक्षा फारच चांगलं दान पडलं की काम प्रमाणाबाहेर होतं. दार हळूच उघडायचं होतं, ते चौकटीसकट हातात येतं. मला हा नियम फार आवडतो, पण सक्तीनं लावला तर पुन्हा उस्तादच सापडतो. हव्या त्या आकड्याच्या ५ वर गेलं की ‘अति’ धरलं, तर गुण २ असलेल्याला ते ८ टक्के वेळा होतं आणि गुण ४ असलेल्याला २८ टक्के. म्हणून ते ऐच्छिक ठेवा. ‘अति’ स्वीकारलं तर एक चिंचोका, नको असेल तर साधं यश.

एका प्रसंगात फजिती एकदाच. दुसरी जोडी पडली तर नुसता चिंचोका द्यायचा. प्रसंग गंभीर असेल, कुणाचा निरोप किंवा मृत्यू असेल, तर जीएमनं दान पडायच्या आधी लाल पत्ता टेबलावर ठेवावा. तो असेपर्यंत जोड्या मोजायच्या नाहीत. दान पडल्यावर पत्ता ठेवला तर खेळाडूंना ती लबाडी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

अ‍ॅनिमेत कपडे फाटणं, मुलीच्या अंगावर पडणं असले विनोद पुष्कळ असतात. वेशाची फजिती म्हणजे उलटा घातलेला सदरा, चिखलानं माखलेला फेटा, इथपर्यंतच ठेवा. टेबलावरच्या एकालाही एखादा विषय नको असेल तर तो खेळाआधीच वगळा. मध्येच खटकलं तर हात लावायला फुलीचा एक पत्ता मधोमध असू द्या. कारण न विचारता तेवढा भाग पुसायचा आणि ती फजिती झालेल्याला चिंचोका तरीही द्यायचा.

डाइस एकदा तपासून घ्या. ग्लासात मीठ विरघळवत जा, डाइस तरंगेपर्यंत. मग टिचकी मारून दहा-बारा वेळा फिरवा. दर वेळी तीच बाजू वर आली तर तो आतून पोकळ किंवा एकीकडे जड आहे. बदला.