ग्रामसभेपुढे डुकरांची बाजू मांडताना

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आमच्या माळरानावर वराहपालनाचा प्रकल्प उभा करायचे ठरवले, तेव्हा सर्वांत अवघड टप्पा कर्जाचा असेल, असे ओळखीच्या लोकांनी सांगितले होते. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नर एवढ्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान मिळते. ऑनलाइन अर्ज, सात-बारा, प्रकल्प अहवाल हे सारे रीतसर झाले. एका बँकेने ‘हा धंदा आमच्याकडे नको’ म्हणून फाइल परत केली आणि दुसरीने ती ठेवून घेतली. खरा कस लागला तो ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळवताना.

ग्रामसभेत विरोधाला उभे राहिलेले लोक परके नव्हते. ज्यांच्या बांधाला आमचा बांध लागून आहे, तेच होते. वास येईल, माशा होतील, विहिरीचे पाणी बिघडेल, मेंदूज्वर पसरेल, देवाच्या वाटेवर असले जनावर नको, असे आक्षेप एकामागून एक आले. शेजारच्या एका काकांनी तर सरळच विचारले, “अरे, म्हशी घे, शेळ्या घे, कोण नाही म्हणतंय? पण हेच कशाला?” त्यामागचे न बोललेले मला कळत होते. कैकाडी आणि वडार समाजातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्या आजोबांनीही सोलापूर शहरात डुकरे पाळली होती, आणि लोक जनावराकडे ज्या नजरेने पाहतात त्याच नजरेने ते पाळणाऱ्याकडेही पाहतात, हे आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे.

शहरात डुक्कर दिसते ते उकिरड्यावर किंवा तुंबलेल्या गटारीत, कारण पोट भरण्यासाठी त्याला तिथेच सोडलेले असते. पुढे त्याला तारेच्या फासात पकडतात, चारही पाय बांधून टेम्पोत एकावर एक टाकतात, आणि ते ओरडत असताना माणसे नाकाला रुमाल लावून निघून जातात. बैलाच्या पाठीवर चाबूक ओढलेला पाहून गाडी थांबवायला लावणारी माणसेही तिथे थांबत नाहीत. ज्या प्राण्याची किळस वाटते त्याच्या वेदनेची चौकशी कोणी करत नाही, ही गोष्ट मला लहानपणापासून टोचत आली आहे. म्हणून ग्रामसभेत फक्त रोजगार आणि नफा यांवर बोलायचे नाही, डुक्कर कसे जगते तेही सांगायचे, असे मी ठरवले.

पुढच्या सभेला पशुवैद्यकीय डॉक्टर सोबत आले. मेंदूज्वराबद्दल त्यांनी काहीही लपवले नाही. डुकराच्या शरीरात त्या विषाणूची वाढ होते हे खरे, परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो तो साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे. तेव्हा वस्तीपासून अंतर, वाहती नाली आणि झाकलेला शेणखड्डा यांना पर्याय नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. मात्र तो कळपच्या कळप संपवतो आणि हॉटेलातल्या उष्ट्या-खरकट्यातूनही येऊ शकतो. म्हणून आम्ही खरकटे अजिबात न घालता मका, सोयाबीन पेंड आणि गव्हाचा कोंडा एवढ्यावरच भागवू, असे मी लिहून दिले.

शब्दांनी जे झाले नाही ते प्रत्यक्ष पाहून झाले. पुणे जिल्ह्यातल्या एका फार्मवर मी काकांना आणि आणखी काही जणांना घेऊन गेलो. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून पाणी नसेल तर ते चिखलात लोळते. जागा पुरेशी असेल तर ते एका कोपऱ्यात विष्ठा टाकते आणि निजायची जागा कोरडी ठेवते. तिथे एक मादी विण्याच्या बेतात होती. ती तोंडात कडब्याची पेंढी धरून भिंतीकडे नेत होती, पुढच्या पायांनी ओढून सारखी करत होती आणि पुन्हा नवी पेंढी आणायला वळत होती. काका बराच वेळ कठड्यावर हात टेकून पाहत राहिले. “ही तर घर करतीय,” एवढेच ते म्हणाले. पण परतीच्या वाटेवर त्यांचे प्रश्न वासाबद्दलचे नव्हते, खर्चाबद्दलचे होते.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र सोलापुरात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ताईंनी विचारले. गाभण मादीला वळताही येणार नाही अशा लोखंडी पिंजऱ्यात तुम्ही ठेवणार का? पिल्लांचे दात कापणार का, आणि खच्चीकरण भूल न देता करणार का? युरोपीय संघात २०१३ पासून गाभणपणाच्या पहिल्या चार आठवड्यांनंतर विण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत मादीला असे कोंडायला मनाई आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, हालचालीपुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण घाबरणार, हा ताईंचा संताप मला पूर्ण पटतो. आम्ही आराखडा बदलला. गाभण माद्यांसाठी सामायिक मोकळे कप्पे ठेवले, आणि विण्याच्या कप्प्यात आईच्या अंगाखाली पिल्ले चिरडू नयेत म्हणून भिंतीलगत आडवे पाइप बसवले. त्यामुळे शेड लांबले आणि खर्च वाढला. दात सरसकट न कापता गरज दिसली तरच घासायचे आणि खच्चीकरण डॉक्टरांनीच वेदनाशामक देऊन करायचे, असे ठरले. हे जनावर शेवटी मांसासाठीच वाढवले जाणार, हा ताईंचा आक्षेप मात्र कायम आहे, आणि त्यांनी तो सोडावा असा आग्रह मी धरला नाही.

अखेर ठराव झाला, तोही अटींसह: वस्तीपासून ठरलेले अंतर, एकही जनावर कुंपणाबाहेर नाही, आणि ग्रामपंचायतीने नेमलेल्या माणसांना केव्हाही शेड पाहण्याची मुभा. ही शेवटची अट मीच मागून घेतली. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की छतावर कडबा पसरून फवारे सुरू ठेवावे लागतात. तेव्हा पाण्याचे बिल जड जाते, तरी फवारे बंद करण्याचा विचार आम्ही करत नाही.

आता झगडा विक्रीचा आहे. व्यापारी पाय बांधून माल न्यायला येतात, आणि कप्पे असलेल्या गाडीतच न्यायचे म्हटले की किलोमागे भाव पाडतात. दोघांना मी परत पाठवले. तिसऱ्याने फळ्या लावून गाडीत कप्पे करून आणले, आणि सध्या माल त्यालाच देतो.