धुकं उठेपर्यंत थांबा: नांदूर मध्यमेश्वर आणि बोरगड

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे साडेपाचला नाशिकरोडहून निघालो, तेव्हा आत्याने कानटोपी, मफलर आणि वरून शाल अशी जय्यत तयारी केली होती. तिचं माहेर निफाडचं, त्यामुळे तिथली थंडी तिला माहीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, तो याच पट्ट्यातला. पाण्याकाठी ती थंडी आणखी बोचते, तेव्हा हातमोजे विसरू नका.

नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर. पक्षी बघायला चापडगावच्या बाजूने आत जायचं. प्रवेशशुल्क भरून आम्ही गावातलाच एक तरुण गाईड सोबत घेतला, त्याच्याकडे स्पॉटिंग स्कोपही (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) होता. तोवर उजाडलं होतं, पण समोर पाणीच दिसेना. सगळीकडे दाट धुकं. मी पुढच्या निरीक्षण मनोऱ्याकडे जायला निघाले, तर तो म्हणाला, "ताई, घाई करू नका. धुकं उठू द्या."

तासभर आम्ही नुसतं ऐकत बसलो. चक्रवाकांची सानुनासिक हाक, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी पाण्यावरून धावत सुटले की होणारा फडफडाट, पाणवनस्पतींतून जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर. आत्या डोळे मिटून बसली होती. दुर्बीण हातात असली की आपण ऐकायचं विसरतो, हे मला त्या तासाभरात कळलं. धुकं विरायला लागलं तसे आधी जवळचे बाकदार चोचीचे शराटी दिसले, मग थापट्या आणि तलवार बदकांचे थवे, आणि अगदी शेवटी उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालणारे चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी. एवढ्यात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला लागून तरंगत आला आणि अख्खं पाणी उठलं! शेकडो बदकं एकदम हवेत. दोन-तीन मिनिटांत पुन्हा सगळी जिथल्या तिथे.

इथे इतके पक्षी का येतात, याचं उत्तर गाळात आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर सिंचनासाठी बंधारा बांधला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं आणि दलदल तयार झाली. माणसाने शेतीसाठी अडवलेल्या पाण्यातून ही पाणथळ जागा उभी राहिली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. म्हणूनच निघण्याआधी फोन करून एक गोष्ट जरूर विचारा: आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) सुटलंय का? पाणी वाढलं की चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात, आणि आदल्या आठवड्यात कुणी काढलेले फोटो बघून गेलेल्यांची निराशा होते.

चालणं सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. फक्त सगळे मनोरे उरकायच्या मागे लागू नका. ऊन पाठीवर येईल असा एक निवडा आणि तिथेच दोन तास बसा. भडक कपडे नकोत. आमच्या शेजारी एका घोळक्याने मोबाइलवर गाणी लावली होती. विनंती केल्यावर बंद केली, पण तोवर जवळचे पक्षी लांब गेले होते. नाश्ता घरूनच न्या. परतताना नदीपात्रातल्या मध्यमेश्वराचं दर्शन आत्याच्या आग्रहामुळे झालं, आणि बरंच झालं.

रविवारी मी एकटीच बोरगडला गेले. शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास, रामशेज किल्ल्याच्या शेजारचा डोंगर. २००८ साली राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून तो जाहीर झाला. पायथ्याला तुंगलदरा. गावात गाडी लावताना विचारून लावा आणि वाट दाखवायला गावातलंच कुणीतरी सोबत घ्या, कारण गुरांच्या वाटा खूप फुटतात. माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिकडे जायचं नाही, कॅमेराही रोखायचा नाही. खालच्या जंगलातली चालच खरी सुंदर आहे. कोरडी पानं वाजत असल्याने दर पन्नास पावलांवर थांबलं, तरच काही दिसतं. मला फार पक्षी दिसले नाहीत. पण नाशिकच्या इतक्या जवळ, गाड्यांचा आवाज न येणारी सावली मिळाली, आणि तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या, वाटेत मिळेल असं धरून चालू नका.

त्र्यंबकेश्वरजवळचा अंजनेरीचा डोंगर यावेळी मुद्दाम सोडला. हिवाळ्यात तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. त्या दिवसांत कड्याच्या धारेवर जाऊन गलका केला, तर ती अंड्यांवरून उठतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे ही गिधाडं देशभर झपाट्याने कमी झाली, कारण मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते त्यांच्या पोटात जायचं. २००६ मध्ये ते औषध जनावरांना देण्यावर बंदी आली, तरी संख्या अजून सावरलेली नाही. वर्षाला त्यांचं एकच अंडं असतं. अंजनेरीला जायचं तर पावसाळा सरताना जा. तेव्हा तिथल्या पठारावर याच डोंगराचं नाव मिळालेलं कंदीलपुष्प, सिरोपेजिया अंजनेरिका, गवतात उमलतं. बोटभर उंचीचं असतं, म्हणून मळलेली वाट सोडून पाऊल टाकू नका.