मुद्रकाचं नाव

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४, रात्री साडेदहा

काल संध्याकाळी प्रचाराचे भोंगे बंद झाले. आज दिवसभर नारायण पेठ इतकी शांत होती की कानाला चुकल्यासारखं होत होतं. उद्या विधानसभेचं मतदान.

निवडणुकीच्या आदल्या रात्री मी वही घेऊन बसले आहे, असं आजवर कधी झालेलं नाही. एवढ्या रात्री मी छापखान्यातच असते. शेवटचे गठ्ठे रवाना झालेले असतात, पाय भरून आलेले असतात आणि मशीनवरचे काका रबराचा रोलर पुसत असतात. या वेळी मशीनवर एक लग्नपत्रिका आणि दोन बिलबुकं, एवढंच. पक्षाचं काम मी घेतलं नाही. पक्षाचं नाव इथे लिहीत नाही. असं एकाच पक्षात होतं असंही नाही.

भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. आमच्या भागातला एक तरुण कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन आला. चांगल्या घरचा मुलगा, त्याच्या मुंजीच्या पत्रिका मीच छापल्या होत्या. वन-फोर्थ डेमी म्हणजे पत्रकाचा नेहमीचा आकार, चार रंग, पाठपोट, वीस हजार प्रती, परवा सकाळी हव्यात. मी फाइल उघडली आणि सवयीने आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लागले. 'पूण्यात' असं दीर्घ पडलं होतं, ते मी दुरुस्त केलंसुद्धा. दोन स्वल्पविराम घातले. मग खालच्या चौकटीशी आले आणि अर्थ लागला.

त्या चौकटीत शहरातल्या काही वस्त्यांची नावं होती. तिथल्या लोकांकडून फळं घेऊ नका, त्यांना घर भाड्याने देऊ नका, गाडी दुरुस्तीला टाकू नका, असं ओळीने लिहिलेलं. वर आमच्या पक्षाचं चिन्ह, ज्याच्यापुढचं बटण मी १९८९ पासून दाबत आले. मतदानाचं वय अठरावर आल्यानंतरची ती पहिली लोकसभा. मी बावीसची होते आणि बाबांच्या हाताला धरून शाळेतल्या केंद्रावर गेले होते.

"हे मी छापणार नाही," मी म्हटलं.

"काकू, वरून आलंय."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, मग मुद्रकाचं नाव टाकू नका. प्रकाशकाचंही नको. कुणाला कळणार आहे?"

ते वाक्य आज पंधरवड्यानंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ अ कलम आमच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने सही करून दोन प्रतींत लेखी द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षीच्या सह्या करायच्या, आणि छापून झालं की एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ आहे. पण त्या तळाच्या बारीक ओळीला मी फार मानते. छापलेल्या शब्दाची जबाबदारी कुणीतरी नावानिशी घेतली आहे, असं ती ओळ सांगते. ज्याला आपलं म्हणणं योग्य वाटतं, त्याला खाली नाव घालायची लाज का वाटावी?

बिननावाची पत्रकं आमच्या छापखान्यात निघालीच नाहीत असं मात्र नाही, आणि म्हणूनच मला हे जास्त लागलं. आणीबाणी आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, बाबा विरोधी पक्षात. रात्री अकरानंतर ते ट्रेडलवर बसायचे. पायाने चालणारं मशीन, त्याची खटक-खटक अख्ख्या वाड्याला ऐकू जायची. आई दिंडी दरवाज्याशी अंधारात बसून असायची. रस्त्यावर बुटांचा आवाज आला की ती खोकायची आणि बाबांचा पाय थांबायचा. मी गोधडीत जागी असायचे. खोकला, शांतता, मग पुन्हा खटक-खटक. त्या पत्रकांवर नाव नसायचं, कारण बोलणाऱ्याला सरकार आत टाकत होतं. बाबांनाही टाकलंच. चौदा महिने येरवड्याला होते. ते लपले ते सत्तेपासून, आणि तेही शहराला खरं काय ते कळावं म्हणून. या मुलाला लपायचं होतं ते ज्याच्या पोटावर पाय द्यायचा त्या फळवाल्यापासून. दोन्हींना 'बिननावाचं पत्रक' हा एकच शब्द वापरताना माझा हात थांबतो.

आमच्या समोरच्या खोल्यांमध्ये तात्या राहायचे. कडवे काँग्रेसवाले, धुवट टोपी, भिंतीवर नेहरूंचा फोटो. त्यांना ट्रेडलचा आवाज येत नव्हता असं होणंच शक्य नाही, मध्ये फक्त एक लाकडी पडदी होती. त्यांनी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. बाबा आत असताना महिन्याच्या महिन्याला येऊन छापखान्याचं विजेचं बिल आईकडून मागून घ्यायचे आणि परस्पर भरून टाकायचे. लहानपणी मला ते फक्त चांगले शेजारी वाटायचे. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, ते या महिन्यात पहिल्यांदा कळलं.

कारण त्यांचाही पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होता. पुण्यातून १९७१ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेलेले मोहन धारिया केंद्रात राज्यमंत्री होते. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करावीत असं ते उघड म्हणाले म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं, आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं. १९७७ मध्ये तेच धारिया याच पुण्यातून काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले आणि निवडूनही आले. तात्यांनी दोन्ही वेळा त्यांनाच मत दिलं. दुसऱ्या वेळी मत देऊन घरी आले आणि जेवले नाहीत, असं आई सांगते. १९८० मध्ये काँग्रेसने विठ्ठलराव गाडगीळांना उभं केलं तेव्हा तात्या आपल्या पक्षाकडे परत गेले. नेहरूंचा फोटो या सगळ्यात एकदाही भिंतीवरून उतरला नव्हता.

मला पक्ष सोडायचा नाही. हे स्वतःशीच लिहून ठेवते, कारण गेल्या पंधरा दिवसांत दोन्हीकडचे लोक मला माझंच मत समजावून सांगायला येतायत. माझं म्हणणं जुनंच आहे आणि साधं आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घराला लागू तसंच सरकारला. देऊळ, सण, घरातली वडीलधारी माणसं यांनी समाज धरून ठेवलेला असतो. त्यांना हात लावण्याआधी दहादा विचार करावा. जुना वाडा गळायला लागला तर आधी कौलं बदलून बघावीत, लगेच जेसीबी बोलावू नये. कायदा कडक असावा आणि सगळ्यांना एकच असावा. या गोष्टी मला बाबांनी शिकवल्या आणि धंद्याने पटवल्या. मी त्या पक्षाकडून उसन्या घेतलेल्या नाहीत, त्यामुळे पक्ष बदलला म्हणून त्या परत करायचा प्रश्न येत नाही.

आणि नेमक्या याच गोष्टी त्या पत्रकाने मोडीत काढल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शेजार एका चौकटीत मोडून टाकायचा, याला परंपरा जपणं कसं म्हणायचं? आमच्या पत्रकांचं कटिंग गेली तीस वर्षं भवानी पेठेतल्या भाईंकडे होतं. मोठं कटिंग मशीन माझ्याकडे नाही. दर निवडणुकीला आमच्या पक्षाची पत्रकं तेच कापतात, हजार-हजाराचे गठ्ठे बांधतात, वर चिठ्ठी लावतात. त्यांचं मत कुणाला जातं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही आमच्या चिन्हाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ही वीस हजार पत्रकंही त्यांच्याच ब्लेडखाली गेली असती. त्यांच्या वस्तीचं नाव चौकटीत तिसरं होतं.

हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही फार मवाळ झालात."

पुण्यात या शब्दाला केवढा इतिहास आहे! १८९५ मध्ये सार्वजनिक सभा ही इथली जुनी राजकीय संस्था रानडे-गोखल्यांच्या हातून टिळकांच्या बाजूच्या, म्हणजे जहाल, लोकांकडे गेली. त्याच वर्षी इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि समाजसुधारणेचे प्रश्न मांडणाऱ्या सामाजिक परिषदेला त्या मंडपात जागा द्यायची की नाही यावरून एवढं रण माजलं की रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. पुढच्या वर्षी त्यांनी डेक्कन सभा काढली, गोखले तिचे चिटणीस झाले. आयुष्यभर ज्या संस्थेत राबले ती हातची गेली आणि या माणसांनी नव्याने सतरंजी अंथरली. डेक्कन सभेमागे गर्दी कधी गेली नाही. गोखल्यांनी 'मवाळ' ही शिवी जन्मभर ऐकली. पण १९१५ मध्ये ते गेले तेव्हा टिळक स्मशानात आले आणि या माणसाचा कित्ता गिरवा, असं लोकांना सांगून गेले. त्या जहालपणाचा रोख परक्या सरकारवर होता. आताच्या जहालपणाचा रोख आपल्याच बोळातल्या माणसावर आहे, म्हणून टिळकांचा शब्द याला लावू नये असं मला वाटतं.

आत राहून भांडावं, असं मला पुष्कळांनी सांगितलं. तेही करून बघितलं. मी पक्षाच्या स्थानिक कार्यालयात पत्र दिलं, अडीच पानांचं, खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन. पोच दिली नाही. तिथले एक जुने कार्यकर्ते, बाबांच्या बरोबरीचे, मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण आत्ता नको, निकालानंतर बघू." ते वाईट नाहीत, थकलेत. पण मला त्या जिन्यात लख्ख दिसलं की 'आत्ता नको' म्हणणारी आमच्यासारखी माणसंच खूप आहेत. नेत्यांना आमचं मत आधीच मोजलेलं मिळतं, ते जाईल अशी धास्तीच त्यांना नाही. मग आमचं ऐकायचं तरी कशासाठी?

घरी बसावं तर ते बाबांच्या चौदा महिन्यांना बट्टा लावणं होईल. नोटाचं बटण २०१३ पासून आहे, त्याचाही विचार केला. पण नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. म्हणजे माझा राग मोजला जाणार, पण निकालात धरला जाणार नाही. उरतो समोरचा उमेदवार. त्यांचं मला काय पटतं? फारसं नाही. एका आघाडीचे दरमहा १५०० रुपये बायकांच्या खात्यात येतच आहेत आणि २१०० चा वादा आहे, दुसरी ३००० म्हणते. हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारखीला दोघांचीही भीती वाटते. पण पैशाचं गणित चुकलं तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येईल. गल्लीतल्या माणसाने माणसाशी व्यवहार तोडला, तर तो कुठल्या अर्थसंकल्पात भरून काढणार?

म्हणून उद्या मी दुसरं बटण दाबणार आहे, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. निर्णय रविवारी झाला, आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे. तात्या त्या दिवशी का जेवले नाहीत, ते कळतंय.

ते पत्रक अखेर निघालंच. परवा सकाळी आमच्याच दिंडीच्या फटीतून आत सरकवलेलं सापडलं. कागद हलका, लाल रंग जरा सरकलेला. तळाशी नाव नाही. 'पूण्यात' तसंच दीर्घ.

संध्याकाळी भाईंचा फोन आला होता. "ताई, या टायमाला इलेक्शनचं काही आलं नाही तुमच्याकडून, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, या वेळी काम घेतलं नाही. ते जरा थांबले. त्यांना पत्रक मिळालं असणारच. मग म्हणाले, "बरं. डायऱ्यांचं डिसेंबरात पाठवा, ब्लेडला धार लावून ठेवतो."

आईला उद्या सकाळी सातलाच न्यायचं आहे, गर्दीच्या आधी. ती त्र्याऐंशीची, घरून मतदानाची सोय पंच्याऐंशीपासून पुढे. दोन्ही डोळ्यांनी आता तिला चिन्हं ओळखू येत नाहीत. अशा मतदाराबरोबर सोबती जाऊ शकतो. केंद्रावर मला लिहून द्यावं लागेल की मी तिचं मत गुप्त ठेवीन. आणि ती सांगेल तेच बटण दाबायचं. मी जेवताना तिला माझं सगळं सांगितलं, पत्रकाचं, पत्राचं, उद्याचं. ती बराच वेळ ताटातला भात बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुझं तू ठरवलंस ना? माझं मी तिथे गेल्यावर तुझ्या कानात सांगीन."

लुगडं कुठलं नेसायचं ते मात्र तिने आत्ताच काढून ठेवलंय, जांभळं, बाबा सुटून आले तेव्हाचं.