‘कुत्र्याचं सॅम्पल घेत नाही’ : ठमीच्या आजाराचा पत्ता लागेपर्यंत

ठमी आमची पांढरी स्पिट्झ, सोसायटीच्या भाषेत ‘पामेरियन’. वय चार, वजन पाच किलो. अधूनमधून हिचं एकच चक्र चालायचं. खाणं बंद, उलट्या, मागचे पाय लटपटायचे, अंगाला कापरं. सलाईन लावलं की दुसऱ्या दिवशी पोळीच्या तुकड्यासाठी उड्या. ‘काहीतरी खाल्लं असेल’ हे निदान तर पाठच झालं होतं. मग गोचीडताप समजून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून तपासलेल्या रक्ताच्या थेंबात) काही सापडलं नव्हतं, प्लेटलेट्स उत्तम होत्या, तरी कोर्स झालाच. एका ठिकाणी क्रिएटिनिन वाढलेलं बघून किडनी गेल्याचं सांगून टाकलं. सलाईननंतर तेच क्रिएटिनिन झपकन खाली आलं. गेलेली किडनी अशी परत येते का, या प्रश्नावर नुसतं ‘बघू’.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘आजारी पडते तेव्हा घरात काय चाललेलं असतं?’ तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नदीकाठी ढोलपथकांचा सराव, दिवाळीचे फटाके, आम्ही गावाला गेल्यावर पाळणाघर. ताण आला की ही आडवी. बाईंनी ठोके मोजले, परत मोजले. एवढी गळून गेलेली कुत्री आणि ठोके संथ! माझ्या फायलीतल्या जुन्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘कुत्रं इतकं आजारी असलं की लिम्फोसाइट्स कमी व्हायला हव्यात. हिच्या नॉर्मल कशा?’ (जुने रिपोर्ट टाकू नका, नॉर्मल असले तरी.) आणि त्यांनी सोडियम-पोटॅशियम करायला सांगितलं. आजवर प्रत्येक वेळी ‘फुल प्रोफाइल’चे पैसे भरले होते, पण त्यात या दोन गोष्टी नव्हत्याच! सोडियम १२८, पोटॅशियम ६.९. भागाकार साडेअठरा. तो २७च्या खाली गेला की एडिसनची शंका घ्यायची, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं संप्रेरक) आणि मीठ सांभाळणारं संप्रेरक बनवत नाहीत. हा आजार अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना होता, आमच्या ठमीलाही होऊ शकतो, असं मी घरी सांगितलं तर सगळे हसले.

पण शंका म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी एसीटीएच चाचणी (एसीटीएच म्हणजे अॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक). आधी रक्त काढायचं, इंजेक्शन द्यायचं, तासाभराने परत रक्त काढायचं आणि दोन्हींत कॉर्टिसॉल मोजायचं. ऐकायला सोपं. इंजेक्शनसाठी सदाशिव पेठेतली घाऊक दुकानं पालथी घातली. कुणाला नावच कळेना, कुणी ‘मागवावं लागेल’ म्हणून नंबर घेऊन ठेवला. अखेर बाईंच्या ओळखीतल्या, माणसांवर उपचार करणाऱ्या एका हॉर्मोनतज्ज्ञाकडून एक व्हायल मिळाली. ठमीला तिचा दहावा हिस्सा पुरला. उरलेलं बाईंनी छोट्या सिरिंजांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं, पुढच्या कुणासाठी तरी.

आता कॉर्टिसॉल. प्राण्यांच्या लॅबमध्ये मशीन बंद. माणसांच्या एका मोठ्या लॅबच्या काउंटरवर गेले. ‘पेशंटचं नाव?’ ठमी. ‘आडनाव?’ इथपर्यंत ठीक होतं. वय चार, लिंग स्त्री, वजनही विचारलं. मग सोबतच्या चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव वाचून त्या मुलीने पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, आम्ही कुत्र्याचं सॅम्पल घेत नाही. पॉलिसी आहे.’ मी म्हटलं, कॉर्टिसॉल माणसाचं काय नि कुत्र्याचं काय, रेणू एकच असतो. तुम्ही फक्त आकडा द्या, अर्थ आमच्या डॉक्टर लावतील. ती म्हणाली, सिस्टिममध्ये कुत्रा टाकायची सोयच नाही. सरांशी बोला. सर जेवायला गेलेले. सर आल्यावर म्हणाले, मॅनेजरशी बोला. मॅनेजर फोनवर म्हणाले, काउंटरला विचारा. मी रक्तातून वेगळं काढलेलं सीरम बर्फाच्या पिशवीत मांडीवर घेऊन बसलेली, समोर टीव्हीवर थायरॉइड पॅकेजवर भरघोस सूट! ‘नाही’ म्हणायचंय तर एका वाक्यात म्हणा ना. लोकांना दुपारभर का बसवता? काम झालं ते पलीकडच्या गल्लीतल्या लहान लॅबमध्ये. तिथल्या काकांनी फक्त ‘चावत नाही ना?’ विचारलं. ठमी तर घरी होती!

इंजेक्शनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कॉर्टिसॉल १च्याही खाली (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). निरोगी कुत्र्यात दुसरा आकडा चांगला वर उडी मारतो. एडिसनच.

एक राहिलं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. चाचणीपूर्वी कुणालाही प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊ देऊ नका. ते मशीनला कॉर्टिसॉलसारखंच दिसतं आणि सगळा हिशेब बिघडतो. मधल्या दिवसांत स्टिरॉइड द्यायची वेळ आलीच तर बाई डेक्सामेथासोन हे दुसरं स्टिरॉइड देत होत्या, ते मोजणीत घुसत नाही. आणि दोन्ही रक्तं काढायच्या आधी कॉर्टिसॉल नुसतं एकदा मोजून बघता येतं. २च्या वर आलं तर एडिसन जवळजवळ बाद, इंजेक्शन शोधत फिरायलाच नको. २च्या खाली आलं तरच पुढे.

आता रोज मीठ सांभाळणाऱ्या संप्रेरकाच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी आणि कॉर्टिसॉलच्या जागी प्रेडनिसोलोनचा अगदी लहानसा तुकडा. दोन्ही माणसांच्याच औषधांच्या दुकानात मिळतात, तिथे आडनाव कुणी विचारत नाही. सोडियम-पोटॅशियम ठरलेल्या वेळी बघायचं. ढोलांचा सराव सुरू झाला की बाईंना विचारून प्रेडनिसोलोन थोडं वाढवायचं. पाळणाघरवाल्या काकूंकडे ठमीच्या पट्ट्यासोबत एक कागद दिलाय : ‘एडिसन आहे. गोळी चुकवू नका. उलटी झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा आणि आधी पोटॅशियम बघायला सांगा.’